जहाजावर चढेपर्यंत माल कोणाचा?

19 ऑगस्ट 2023 हा दिवस शनिवार होता. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने त्या दिवशी अधिसूचना काढून कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले. अधिसूचना तत्काळ अमलात आली; तयारीला एक दिवसही मिळाला नाही. सोमवारी नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले, ते गुरुवारी पुन्हा सुरू झाले, आणि सारी चर्चा शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाभोवती फिरत राहिली. ते स्वाभाविकच होते. परंतु नेप्ती, घोडेगाव, पारनेर, राहुरी, संगमनेर या बाजारांतून निर्यातीसाठी कांदा उचलणाऱ्या पेढीसमोर त्या शनिवारी एक निराळाच, अगदी कोरडा प्रश्न उभा होता: आपला माल या घटकेला नेमका कोठे आहे?

निर्यातीचा कांदा एका जागी कधीच नसतो. काही वखारीत प्रतवारीसाठी पसरलेला, काही जाळीच्या पिशव्यांत भरून ट्रकवर चढलेला, काही पुण्याच्या पुढे घाटात, काही न्हावा शेव्याच्या बंदराबाहेर रांगेत, काही कंटेनरमध्ये बंद होऊन बंदराच्या आवारात आणि काही जहाजावर. खरेदीदार एकच, भाव एकच, करारही एकाच तारखेचा. तरी यातील काही मालावर शुल्क लागू होणार आणि काहींवर नाही. दोहोंमधली रेघ कोठे ओढायची?

ती रेघ सीमाशुल्क अधिनियम 1962 च्या कलम 16 ने आखून ठेवली आहे. निर्यात मालाला शुल्काचा दर लागतो तो कराराच्या तारखेचा नव्हे, खरेदीच्या तारखेचा नव्हे, ट्रक निघाल्याच्या तारखेचा नव्हे, इतकेच काय, शिपिंग बिल दाखल केल्याच्या तारखेचाही नव्हे. माल जहाजावर चढविण्यास सीमाशुल्क अधिकारी ज्या दिवशी परवानगी देतो, त्या दिवसाचा दर लागतो. या परवानगीचे नाव ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’. बंदरावरची मंडळी तिला नुसते एलईओ म्हणतात. शुक्रवारी एलईओ मिळालेला कंटेनर आणि शनिवारची अधिसूचना निघाल्यावर एलईओची वाट पाहणारा शेजारचा कंटेनर यांच्यात कांद्याचा फरक नाही. फरक आहे तो एका आदेशाच्या तारखेचा.

हा फरक किती रुपयांचा, ते मांडून पाहावे. समजा चाळीस फुटी शीत कंटेनरमध्ये, म्हणजे रीफरमध्ये, 28 टन कांदा भरला आणि जहाजावर चढेपर्यंतची त्याची किंमत किलोमागे 25 रुपये धरली. माल झाला 7 लाखांचा. त्यावर 40 टक्के म्हणजे 2 लाख 80 हजार. व्यापाऱ्याने किलोमागे एक रुपया सुटेल असा हिशेब केला असेल, तर त्याचा नफा 28 हजार. दहा खेपांची कमाई एका कंटेनरच्या शुल्कात गेली. आणि हे शुल्क भरायचे कोणी? खरेदीदाराने की विक्रेत्याने? याचे उत्तर करारातील तीन अक्षरांत दडलेले असते. ती तीन अक्षरे बहुतेक वेळा कोणी तरी आधीच्या करारावरून उतरवून घेतलेली असतात.

कित्येक घरांत कांदा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही आणि पेढीवर मात्र त्याच्या भावावाचून सकाळ होत नाही. मालाची पारख तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नगरी गावठी कोणता, कोणता कांदा वाटेत कोंब धरील, कोणता दुबईपर्यंत टिकेल, हे मुनीमसुद्धा हातात घेऊन सांगतो. कागदाचे काम मात्र ‘सीएचए पाहून घेईल’ या एका वाक्यावर सोडले जाते. सीएचए म्हणजे कस्टम हाउस एजंट; 2013 पासून नियमांत त्याचे नाव कस्टम्स ब्रोकर झाले, बोलण्यात जुनेच राहिले. तो शिपिंग बिल भरील, तपासणी करवून घेईल, एलईओ मिळवील. विक्रीच्या अटी मात्र त्याच्या हाती पोहोचतात तेव्हा त्यांवर सह्या झालेल्या असतात.

त्या अटींची भाषा पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने, म्हणजे आयसीसीने, ठरविलेली आहे. 1936 साली तिचा पहिला संच निघाला. सध्या चालू असलेला इन्कोटर्म्स 2020 हा संच 1 जानेवारी 2020 पासून वापरात आहे आणि त्यात अकरा संज्ञा आहेत. नगरच्या व्यापाऱ्याला त्यातील चार-पाचच लागतात.

पहिली एफओबी, फ्री ऑन बोर्ड. ठरलेल्या बंदरात, खरेदीदाराने नेमलेल्या जहाजावर माल चढवून देणे ही विक्रेत्याची जबाबदारी. पुढचे भाडे व जोखीम खरेदीदाराची. पूर्वी माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे गेला की जोखीम बदलते असे मानीत. कपीला लटकलेली गोणी कठड्याच्या अलीकडे फुटली की पलीकडे, असा वाद त्यातून निघे. इन्कोटर्म्सच्या 2010 च्या आवृत्तीत तो कठडा काढून टाकला. आता माल जहाजावर ठेवला गेला पाहिजे. एफओबीमध्ये निर्यातीची सारी सरकारी पूर्तता आणि निर्यात शुल्कही विक्रेत्याकडेच असते. म्हणजे वरील 2 लाख 80 हजार, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, नगरच्या पेढीचे. दुबईच्या खरेदीदाराने ‘शुल्क तुमच्या सरकारने लावले, आमचा भाव ठरलेला आहे’ असे म्हटले, तर त्याचे म्हणणे कराराला धरून असते.

मग संज्ञा बदलून सुटका होईल का? फारशी नाही. एफसीए या संज्ञेत माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपते, पण निर्यात शुल्क विक्रेत्याकडेच राहते. ईएक्सडब्ल्यू, म्हणजे ‘आमच्या वखारीतून उचला’, या एकाच संज्ञेत निर्यातीची पूर्तता खरेदीदाराकडे जाते. पण आपल्याकडे शिपिंग बिल भरायला आयात-निर्यात कोड लागतो आणि परदेशी खरेदीदाराकडे तो नसतो. त्यामुळे ती अट कागदावरच शोभते. खरा उपाय संज्ञेत नसून तिच्याखाली लिहावयाच्या एका ओळीत आहे: कराराच्या तारखेनंतर निर्यात शुल्क, किमान निर्यात मूल्य किंवा बंदी यांत बदल झाल्यास वाढीव भार कोणाचा, आणि कोणत्या स्थितीत करार रद्द समजावा. ही ओळ सौदा ठरताना मागितली तर खरेदीदार बहुधा घासाघीस करील. शनिवारी अधिसूचना निघाल्यावर मागितली, तर तो फोनच उचलणार नाही.

किमान निर्यात मूल्याचा उल्लेख आला, तर तेही पाहून घ्यावे, कारण तेथेही हीच संज्ञा आहे. 28 ऑक्टोबर 2023 रोजी सरकारने कांद्यासाठी टनाला 800 डॉलर हे किमान मूल्य ठरविले, ते एफओबी तत्त्वावर. ज्याचा करार सीआयएफ भावाचा होता, त्याला 800 च्या वरचा आकडा पाहून हायसे वाटून उपयोग नव्हता. त्यातून जहाजाचे भाडे आणि विमा वजा करून उरलेला आकडा 800 भरला पाहिजे.

सीआयएफ म्हणजे माल, विमा व भाडे मिळून भाव. या संज्ञेविषयीचा गैरसमज फार खोल आहे. भाडे कोलंबोपर्यंतचे आपण भरतो, तेव्हा माल कोलंबोपर्यंत आपला, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. सीआयएफमध्येही जोखीम एफओबीप्रमाणेच माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. विक्रेत्याकडे उरतो तो पुढचा खर्च. विमाही तो खरेदीदाराच्या हितासाठी काढतो, किमतीच्या 110 टक्के रकमेचा, आणि वेगळे ठरले नसेल तर ‘सी’ कलमांचा, म्हणजे सर्वांत कमी संरक्षणाचा. कांद्याच्या व्यापाऱ्याने येथे थांबून आणखी एक गोष्ट वाचावी. जहाज उशिरा पोहोचल्यामुळे झालेले नुकसान आणि मालाच्या स्वभावामुळेच झालेली नासाडी ‘सी’मध्येच काय, सर्वांत व्यापक अशा ‘ए’ कलमांतही वगळलेली आहे. वाटेत उशीर होऊन कांद्याला कोंब फुटले, तर विमा कंपनी ते कलम दाखवील आणि ते दाखविणे योग्यच ठरेल.

खर्च कोणाचा, हा प्रश्न डिसेंबर 2023 मध्ये दुसऱ्या बाजूनेही आला. तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालण्यास सुरुवात केली. युरोपच्या प्रवासात दहा-बारा दिवसांची भर पडली, भाडी चढली, वर अधिभार आले. दुबईला किंवा कोलंबोला जाणारा कांदा त्या वाटेने जात नाही. युरोपला जाणारी द्राक्षे व डाळिंबे जातात. ज्यांनी एफओबी भावाने विकले होते त्यांना भाड्याची झळ थेट लागली नाही. ज्यांनी सीआयएफने विकून भाडे आधी बांधून घेतले नव्हते, त्यांना ती पुरेपूर सोसावी लागणारच होती. थोडक्यात, शुल्क वाढले तर एफओबीवालाही अडकतो. भाडे वाढले तर सीआयएफवाला एकटाच.

त्याच महिन्यात कांद्यावर निर्यातबंदीच आली. 7 डिसेंबरची अधिसूचना, मुदत 31 मार्च 2024 पर्यंत, पुढे वाढवलेली. या अधिसूचनेने वाटेतल्या मालासाठी काही सवलती ठेवल्या होत्या आणि त्या वाचण्यासारख्या आहेत. जहाजावर भरणी आधीच सुरू झाली असेल तर माल जाऊ शकत होता. शिपिंग बिल भरलेले असून जहाज धक्क्याला लागलेले किंवा बंदरात नांगर टाकून उभे असेल आणि त्याला रोटेशन क्रमांक मिळालेला असेल, तरीही जाऊ शकत होता. आणि माल सीमाशुल्क आवारात शिरल्याची नोंद तेथील संगणकात दिनांक व वेळेसह झालेली असेल, तर त्यालाही 5 जानेवारीपर्यंत वाट मोकळी होती. रांगेत फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ट्रकसाठी यात काहीच नव्हते. नगरहून न्हावा शेव्याचे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यातले शेवटचे शंभर मीटर इतके महाग क्वचितच ठरले असतील. म्हणून फाटकातून आत गेल्याची ‘गेट इन’ पावती ड्रायव्हरच्या खिशात न राहता त्याच दिवशी पेढीच्या फाइलीत आली पाहिजे.

अडकलेल्या कंटेनरवर मीटर चालूच असतो. येथे तीन शब्द एकमेकांत मिसळले जातात. आवारातील जागेचे भाडे म्हणजे ग्राउंड रेंट. भरलेला कंटेनर सवलतीच्या दिवसांपलीकडे बंदरात राहिला, तर त्याचा आकार म्हणजे डेमरेज. जहाज कंपनीचा कंटेनर बंदराबाहेर आपल्याकडेच मुदतीपेक्षा अधिक राहिला, तर डिटेन्शन. रीफर असेल तर विजेचा आकार वेगळा. चारही देयके वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या दिवशी येतात. सवलतीचे दिवस किती, हे बुकिंगच्या वेळी लेखी घेतलेले नसेल, तर नंतर भांडण्यास आधार राहत नाही.

कंटेनरच्या व्यापारात एफओबी लिहिणे मुळात गैरसोयीचे आहे, असे आयसीसीचेही मत आहे. कंटेनर आपण तळेगावसारख्या कोरड्या बंदरात किंवा न्हावा शेव्याच्या आवारात वाहतूकदाराच्या स्वाधीन करतो. तेथून तो जहाजावर चढेपर्यंत चार दिवस जातील किंवा आठ. त्या काळात माल आपल्या नजरेआड असतो, जोखीम मात्र आपलीच. एफसीए लिहिले तर ती स्वाधीन करतानाच संपते. तरीही एफओबीची सवय सुटत नाही, कारण बँका, सरकार आणि खरेदीदार सगळेच ती संज्ञा बोलतात.

आता पैशाची बाजू. लेटर ऑफ क्रेडिट, अर्थात एलसी, ही संकल्पना व्यापारी घराण्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यायचे, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर. एलसीतही साइट आणि युसन्स असे हेच दोन प्रकार आहेत. फरक इतकाच की पेढीच्या पतीच्या जागी खरेदीदाराच्या बँकेचे वचन उभे राहते. या वचनाचे मोल 2023 च्या ऑगस्टमध्येच दिसले. कांद्यापाठोपाठ 25 ऑगस्टला उकड्या तांदळावर 20 टक्के शुल्क लागले. तेव्हा बंदरात पोहोचलेल्या, एलईओ न मिळालेल्या परंतु त्या तारखेपूर्वीच्या वैध एलसीचा आधार असलेल्या तांदळाला सूट ठेवण्यात आली. तोंडी सौद्याला अशी सूट कोण देणार?

मात्र एलसी हाती आली म्हणजे पैसे आले, असे नव्हे. 1 जुलै 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या नियमावलीनुसार बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. कांदा उत्तम निघाला तरी कागद चुकला तर पैसे अडतात. कागद चोख असतील तर कांदा सडला तरी बँकेला पैसे द्यावे लागतात. वाहतुकीचा कागद तारखेपासून 21 दिवसांच्या आत बँकेत गेला पाहिजे आणि एलसीची मुदतही त्या आधी संपता कामा नये. शुल्काच्या घोळात कंटेनर दहा दिवस अडकला की ‘अखेरची जहाजभरणी’ ही एलसीतील तारीख उलटते. मग एलसीत दुरुस्ती मागण्यासाठी पुन्हा त्याच खरेदीदाराच्या दारात उभे राहावे लागते.

कांद्यासाठी यूसीपीमधील एक लहानसे कलम फार कामाचे आहे. एलसीत ‘28 टन कांदा’ असे लिहिले असेल, तर पाच टक्के कमी-अधिक वजन चालते, मात्र एकूण रक्कम एलसीपेक्षा वाढू नये. तेच ‘25 किलोच्या 1,120 पिशव्या’ असे लिहिले, तर ही सवलत नाहीशी होते. एक पिशवी कमी भरली तरी तो दोष. वखारीत वाळणाऱ्या, वजनात घटणाऱ्या मालासाठी एलसी टनांत लिहवून घेण्याची विनंती सौदा ठरतानाच करावी.

बिल ऑफ लेडिंग ही जहाजाची बिल्टी; पण ट्रकच्या बिल्टीपेक्षा तिला अधिक अधिकार आहे. ती मालावरच्या हक्काचा कागद आहे: मूळ प्रत ज्याच्या हाती, त्याला माल. विमानाच्या एअरवे बिलाला हा अधिकार नाही. तिच्यावर ‘शिप्ड ऑन बोर्ड’ असा शेरा व तारीख हवी. ‘शिपमेंटसाठी मिळाला’ एवढेच असेल तर बँक परत करील. पिशव्या ओल्या असल्याचा शेरा आला, तर ती ‘क्लीन’ राहत नाही. आणि एक नेहमीचा सापळा. जवळच्या बंदरांना जहाज कागदांच्या आधी पोहोचते, म्हणून खरेदीदार ‘टेलेक्स रिलीज द्या’ असे सांगतो. याचा अर्थ मूळ प्रती येथेच जहाज कंपनीला परत करायच्या आणि तिकडे मूळ कागदांवाचून माल सोडायचा. पैसे आधी मिळाले असतील तर ठीक. नसतील तर आपल्या हातातला एकमेव लगाम आपणच सोडला, असे होते. ओळखीच्या खरेदीदाराबाबत संकोच होतो, हेही खरे; बहुतेक बुडीत रकमा अशा संकोचातूनच निर्माण झालेल्या असतात.

आयात करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. त्यांचा कागद बिल ऑफ एंट्री, आणि शुल्क बसते ते सीआयएफ मूल्यावर. यंत्र एफओबी भावाने घेतले आणि भाड्याचा पुरावा नसला, तर सीमाशुल्क विभाग भाडे एफओबी मूल्याच्या 20 टक्के व विमा 1.125 टक्के धरतो. भाड्याची पावती जपून ठेवणे स्वस्त पडते.

मालाचा क्रमांकही तपासावा. ताजा कांदा 0703 10 आणि वाळवलेला 0712 20. पहिले सहा अंक जगभर सारखे, आपल्याकडे आठ अंकी. 40 टक्के शुल्क ताज्या कांद्यावर होते. काप किंवा भुकटी पाठविणाऱ्याने शिपिंग बिलात सवयीने ताज्या कांद्याचा अंक घातला, तर संगणक त्याला सवयीनेच शुल्क लावील.

4 मे 2024 ला बंदी उठली ती 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. 13 सप्टेंबरला किमान मूल्य गेले व शुल्क निम्मे झाले. 1 एप्रिल 2025 पासून तेही शून्य झाले. दीड-पावणेदोन वर्षांत नियम इतक्या वेळा बदलले आणि याच काळात, 2024 साली, जिल्ह्याचे नावही बदलून अहिल्यानगर झाले. तेव्हापासून पेढ्यांवर शंका विचारली जाते की एलसीत अहमदनगर व बिलावर अहिल्यानगर असेल तर कागद परत येतील का. यूसीपी 600 चे चौदावे कलम याबाबत स्पष्ट आहे. विक्रेत्याचा पत्ता एलसीतील पत्त्याशी तंतोतंत जुळलाच पाहिजे असे नाही. देश तोच असला म्हणजे पुरे. पेढीचे नाव मात्र अक्षरशः तेच हवे. आयात-निर्यात कोड, जीएसटी आणि बँकेचा एडी कोड या तिन्ही नोंदींत पत्ता एकसारखा करून घेण्याचे काम मात्र ज्यांचे राहिले असेल त्यांनी नवा उन्हाळी कांदा वखारीत येण्यापूर्वी उरकावे.